दगडी पाद्र्याच्या तोंडचं पाणी

ऑल्डरविकच्या चर्चला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला या. रंगीत काचा बघू नका, थडग्यांवरचे देवदूत तर मुळीच बघू नका, त्यांचे फोटो सगळेच काढतात आणि घरी जाऊन कुणीच बघत नाही. मान वर करा आणि छताच्या कडेला बघा. तिथे कठड्याखालून ओळीनं दगडी तोंडं बाहेर आलेली दिसतील. एक कुत्रा, एक माकड, एक बैल, एक दाढ दुखणारा माणूस, आणखी काही अशी की त्यांना नाव द्यायला ब्रह्मदेवही कचरेल. छतावरचं पावसाचं पाणी भिंतीवरून न ओघळता लांब पडावं म्हणून इंग्लंडातल्या जुन्या चर्चना अशी तोंडं बसवत. आपल्याकडे देवळाच्या उत्तरेला गोमुख असतं ना, गाभाऱ्यातलं पाणी बाहेर आणणारं? त्याचेच हे चुलतभाऊ. फरक एवढाच की आपल्या गाईचं तोंड गरीब असतं आणि ही तोंडं न सांगता मुक्कामाला आलेला पाहुणा बघून होतात तशी.

यातली सात तोंडं आता कोरडी आहेत. पुढे कधीतरी लोखंडी पाइप आले, पन्हळी आल्या आणि कुत्रा, माकड, बैल सगळे निवृत्त झाले. आठवं तेवढं अजून कामावर आहे. अगदी कोपऱ्यातलं. तो माणूस आहे. गाल फुगलेले, नाक भलं मोठं, तोंडाचा आ वासलेला आणि हनुवटीखाली शेवाळाची हिरवी दाढी. त्याच्या बरोब्बर खाली, भिंतीला लागून, एक लहानसा सपाट दगड आहे. पाणी पडून पडून त्याच्या मध्ये वाटीएवढा खळगा झाला आहे.

मी मूळचा संगमेश्वरकडचा. शाळा सातवीत सोडली, किंवा शाळेनं मला सोडलं, यावर घरात अजून वाद आहे. लेक इथल्या दवाखान्यात नर्स आहे म्हणून मी इथे. शनिवारी चर्चची किल्ली माझ्याकडे असते, कारण त्या दिवशी गावातले बाकीचे म्हातारे क्रिकेट बघायला जातात. लेस्टरच्या मराठी मंडळाची बस आली की त्यांना फिरवणं माझ्याकडे. दर बसमध्ये एक गृहस्थ असतातच, गळ्यात कॅमेरा आणि कपाळावर आठी. ते विचारतात, "हे कितव्या शतकातलं?" मी विचारतो, "तुम्हाला कितवं हवंय?" ते रागावतात, त्यांच्या सौभाग्यवती हसतात आणि मग सगळे नीट ऐकतात. वर्ष कुणालाच ठाऊक नाही. इथल्या वेदीवर फुलं मांडणाऱ्या एडिथबाई मला ही हकिगत सांगायच्या, त्यांना त्यांच्या आजीनं सांगितली होती. फार जुनी गोष्ट आहे, चर्चमध्ये बसायला बाकं नव्हती तेव्हाची. लोक उभे राहून प्रार्थना करत आणि म्हातारे भिंतीला टेकत. एवढं पुरे.

तेव्हा या गावात पाणी कुणी पीत नसे असं सांगतात. विहिरी होत्या, ओढा होता, पण वरच्या अंगाला मेंढ्या आणि कातडी कमावणारे. पाणी पोटात गेलं की माणूस अंथरुणाला खिळे. म्हणून लोक बार्लीची पातळ बिअर पीत. बिअर म्हटल्यावर मंडळातले काहीजण एकदम जागे होतात, त्यांना सांगतो, बसा खाली. ती आपल्या अंबिलीसारखी पातळ, आंबूस आणि बिनझिंगीची. न्याहारीला तीच, जेवताना तीच, आजाऱ्याला तीच, पोरांना तीच. पाणी गुरांना आणि धुण्याला. गावात कुणी "पाणी प्यायलो" म्हटलं तर लोक त्याच्या घरच्यांना विचारत, सगळं ठीक आहे ना?

त्या सुमारास चर्चची उत्तरेची बाजू वाढवायचं काम चाललं होतं. ते करायला थर्स्टन नावाचा पाथरवट लांबून आला होता. आला कामाला आणि अडकला इथल्याच एमिस नावाच्या मुलीत. लग्न झालं, घर झालं. थर्स्टन म्हणे अबोल माणूस, पण त्याची छिन्नी फार बोलकी होती. छताची ही तोंडं त्यानंच घडवायला घेतली. गावकरी येता-जाता चौकशी करत, "हा बैल कोण रे? आमचा मेव्हणा वाटतो." थर्स्टन म्हणे, "तुमच्या मेव्हण्याला शिंगं कुठं आहेत?" आणि टोले घालत राही.

गावचा पाद्री होता फादर जर्व्हेस. मनानं वाईट नव्हता. ही गोष्ट सांगताना इथले लोक त्याला वाईट करत नाहीत, मीही करणार नाही. पण तो नियमाचा माणूस होता. चर्चमधल्या मेणबत्त्या सरळ रेषेत नसल्या तर त्याला प्रार्थना सुचत नसे. नाक भलं मोठं, गाल गुबगुबीत आणि बोलताना तोंड इतकं उघडायचा की अगदी मागे उभ्या असलेल्या माणसालाही त्याची पडजीभ दिसे. गावात बाळंतपणं करणारी गुनिल्ड नावाची म्हातारी सुईण होती. फादरनं तिला शिकवून ठेवलं होतं, मूल नाजूक असेल, मी पोचेपर्यंत राहील असं वाटत नसेल, तर तू स्वतः त्याच्या डोक्यावर पाणी घाल आणि हे एवढे शब्द म्हण. झाला बाप्तिस्मा. ते मूल देवाच्या घरचं. कारण तेव्हाचा नियम असा होता की बाप्तिस्म्याशिवाय मूल गेलं तर त्याला चर्चच्या आवारात माती मिळत नसे. कुंपणाबाहेर, वाटेच्या कडेला पुरायचं. वर दगड नाही, नाव नाही.

त्या वर्षी थंडी अशी पडली की जमीन लोखंडासारखी झाली. भिंतींवर गवत आणि शेण थापून बांधकाम बंद ठेवलं होतं, कारण अशा थंडीत चुना धरत नाही. चर्चच्या बाजूला पाथरवटांची लाकडी खोप होती, तिच्यात बसून थर्स्टन उरलेलं शेवटचं तोंड घडवणार होता. आणि त्याच थंडीत एमिसचे दिवस भरले.

मुलगी झाली. पण जन्मली तीच निळसर. रडली नाही, फक्त एकदा सुस्कारल्यासारखं केलं. गुनिल्डनं ओळखलं, फादरला बोलवायला वेळ नाही. दाराशी पाण्याची बादली होती, ती तळापर्यंत गोठलेली. चुलीवर एमिससाठी बिअरचं मडकं ऊन करायला ठेवलं होतं. म्हातारीनं त्यात हात बुडवला, सोसवतंय ना ते बघितलं, ओंजळभर बिअर त्या एवढ्याशा डोक्यावर घातली आणि फादरनं शिकवलेले शब्द एकही न चुकता म्हटले. मुलीचं नाव ठेवलं इडोनी. मग इडोनी गेली.

फादर सकाळी धावत आला. बर्फात दोनदा पडून, गुडघे फुटलेला. एमिसच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "रडू नकोस. गुनिल्डनं शब्द म्हटलेत. पोर देवाघरची आहे." आणि तेवढ्यावर उठला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण सवयीनं त्यानं म्हातारीला विचारलं, "पाणीच घातलंस ना?"

गुनिल्ड सहज खोटं बोलली असती. पण खोटं बोलण्यासारखं काही घडलंय हेच तिला माहीत नव्हतं. "पाणी कुठलं, फादर? दगड झाला होता त्याचा. ऊन बिअर घातली. पोरीला गारठा लागू नये म्हणून."

फादर मटकन खाली बसला. मग म्हणाला, "पाणीच लागतं गं. दुसरं काही चालत नाही."

"का नाही चालत? गाव प्यायला वापरतं ते देवाला चालत नाही?" गुनिल्ड चिडली. "आणि असं बघा, हे काही पहिलं नाही. तुमच्या घंटा ओढणाऱ्या राल्फच्या जन्माच्या वेळीसुद्धा थंडीच होती, तेव्हा मी..."

"पुढे बोलू नकोस!" फादरनं दोन्ही कान झाकले. त्या रविवारी म्हणे त्यानं प्रार्थनेच्या आधी सगळ्या गावावर बादल्याच्या बादल्या पाणी शिंपडलं, पुन्हा पुन्हा काहीतरी पुटपुटत, आणि कारण कुणालाच सांगितलं नाही. लोक कुडकुडत घरी गेले. राल्फवर तर पूर्ण बादली ओतली. तो शेवटपर्यंत विचारत राहिला, "माझंच काय चुकलं?"

पण जिवंतांवर पाणी घालता येतं. इडोनीचं काय? मेलेल्याला बाप्तिस्मा नाही, हाही नियमच. फादरनं थर्स्टनला सांगितलं, जमीन मऊ झाली की पोरीला कुंपणाबाहेर ठेवावं लागेल. सांगताना त्याची मान खाली होती. थर्स्टननं एक लहान पेटी केली, पोरीला तिच्यात ठेवलं आणि पेटी खोपीत नेऊन आपल्या कामाच्या ओट्याशेजारी ठेवली. कुदळ लागत नव्हती तोवर ती तिथेच राहणार होती. गारठ्याची एवढीच काय ती दया.

एमिस उठून हिंडूफिरू लागली, तशी रविवारी चर्चला आली. आली, पण आत गेली नाही. उत्तरेच्या भिंतीशी बाहेर उभी राहिली. फादर दारापर्यंत आला. "आत ये, बाहेर मरशील."

"माझी मुलगी बाहेर राहणार ना?" एमिस म्हणाली. "मग मी तिच्याबरोबर बरी."

आणि प्रत्येक रविवारी ती तशीच बाहेर. आत सगळा गाव प्रार्थना म्हणे, आणि भिंतीपलीकडून एका बाईचा आवाज तेच शब्द एक ओळ मागे राहून येत असे. एडिथबाई सांगायच्या, हे इथपर्यंत आलं की त्यांची आजी हातातलं काम खाली ठेवायची. मंडळातल्या बायका इथे भिंतीला हात लावून बघतात. मी मुद्दाम कॅमेरेवाल्या गृहस्थांकडे बघतो, त्यांनीही कॅमेरा खाली घेतलेला असतो.

तिकडे खोपीत थर्स्टन आठवं तोंड घडवत होता. आधी तिथे सिंह यायचा होता म्हणे. पण शेजारी ती पेटी, आणि पेटीकडे बघत बघत छिन्नी चालवली की सिंह कसा येणार? गाल गुबगुबीत झाले. नाक भलं मोठं झालं. तोंड पडजिभेपर्यंत उघडं झालं. लोक खोपीत डोकावत आणि तोंडावर हात ठेवून बाहेर येत. फादर जर्व्हेस! उन्हाळा असो, पावसाळा असो, जगाच्या अंतापर्यंत आता हा माणूस छतावरून थुंकत राहणार. थर्स्टनला तेच हवं होतं. इतके दिवस तू बोललास, आता जे बोलशील ते सगळं पाणी असेल. गावात लहानथोर सगळ्यांना हे माहीत झालं, फक्त फादरला नाही. तो लाजेनं त्या खोपीकडे फिरकतच नव्हता.

मग वारा बदलला. जमीन सुटली. शेण आणि गवत काढलं, परांचीवर माणसं चढली, तोंडं एकेक करून वर गेली आणि चुन्यात बसली. आठवं सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात. परांची उतरवली त्याच दिवशी फादर थर्स्टनच्या घरी आला. एमिसनं तोंड फिरवलं. फादर उंबऱ्यावरच उभा राहिला.

"मी थंडीभर एकच विचार करत होतो," तो म्हणाला. "आवार पवित्र आहे. बाहेरची जमीन नाही. बरोबर? पण उत्तरेच्या भिंतीचा पाया खणला तेव्हा तिथली माती उलटीपालटी झाली. बिशप येऊन ती पुन्हा पवित्र करेपर्यंत ती पट्टी ना आतली, ना बाहेरची. तिथे कुणाला ठेवावं असं कुठेच लिहिलेलं नाही. पण कुणाला ठेवू नये असंही लिहिलेलं नाही." मग तो एमिसकडे वळला. "कोपऱ्यापाशी. भिंतीला अगदी चिकटून. एमिस, याच्यापलीकडे मला काही सापडलं नाही. फार शोधलं."

एमिसनं वळून त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, "भिंतीला हात लागेल तिचा?"

"लागेल," फादर म्हणाला.

थर्स्टन मात्र पांढराफटक पडला. कोपऱ्यापाशी! वर कोण बसलंय हे त्याला माहीत होतं. जो माणूस सगळा हिवाळा त्याच्या पोरीसाठी जागा शोधत होता, त्याला यानं सगळा हिवाळा खर्चून थुंकायला लावलं होतं. आणि परांची तर उतरली होती. आता वर चढून नाकाचा टवका काढायचा म्हटला तरी निदान दोन दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी आणली. गाव जमलं. थर्स्टननं स्वतः खणलं, पेटी ठेवली, माती लोटली आणि वर एक सपाट दगड बसवला. सगळा वेळ तो मनात घोकत होता, देवा, याला वर बघायला लावू नकोस. गावकरीही शहाण्यासारखे आपापल्या पायांकडे बघत होते. इतका गाव एकाच वेळी खाली बघतोय म्हटल्यावर कुणाला संशय येणार नाही? पण फादर दगडाकडेच बघत उभा. दफनाची प्रार्थना तो म्हणू शकत नव्हता, नियम होता. म्हणून नुसताच उभा होता.

आणि पाऊस आला. इथला पाऊस आपल्याकडच्यासारखी वर्दी देत येत नाही, गुपचूप येतो. छतावर थोडा वेळ नुसती सरसर. मग वरून गुळण्या केल्यासारखा आवाज झाला आणि पाण्याची एक जाड धार थेट इडोनीच्या दगडावर पडली.

फादरनं वर बघितलं.

गुनिल्डनं एमिसचा हात गच्च धरला. फादर बघत राहिला. ते गाल, ते नाक, तो आ वासलेला जबडा आणि त्याच्यातून घळघळ वाहणारं पाणी. चर्चच्या छतावरून आलेलं, त्याच्या तोंडून पडणारं, त्या मुलीच्या डोक्याशी.

"थर्स्टन," शेवटी तो म्हणाला, "माझं नाक एवढं आहे?"

उत्तर गुनिल्डनं दिलं. "जरा कमीच केलंय त्यानं, फादर."

कुणीतरी फिस्सकन हसलं. फादर हसला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, दोन पावलं पुढे टाकली आणि त्या धारेखाली जाऊन उभा राहिला. डोक्यावरून, नाकावरून, हनुवटीवरून पाणी दगडावर पडत होतं. त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. जवळ उभ्या असलेल्यांचं म्हणणं, गुनिल्डला शिकवलेलेच शब्द होते ते, आणि शेवटी नाव होतं. पण मेलेल्याला बाप्तिस्मा नाही. हे फादर जर्व्हेसइतकं पक्कं कुणाला माहीत असणार? म्हणून लोकांनी विचारलं, "फादर, काय म्हणत होता?" तेव्हा त्यानं सांगितलं, "काही नाही. थंडीनं ओठ थरथरत होते."

पुढे बिशपचा माणूस आला, त्यालाही त्यानं हेच सांगितलं. म्हातारा होऊन मरेपर्यंत हेच सांगत राहिला. सगळं आयुष्य नियमानं वागलेला तो माणूस एवढं एकच खोटं बोलला असावा, असं गाव मानतो. खरं-खोटं देव जाणे. थर्स्टननं मग परांची उभारून नाक कमी करायची परवानगी मागितली, ती फादरनं दिली नाही. आणि त्या पावसानंतरच्या रविवारी प्रार्थनेला भिंतीपलीकडून येणारा तो मागे राहिलेला आवाज आला नाही. एमिस आत उभी होती, उत्तरेच्या भिंतीला पाठ टेकून.

पाइप आले तेव्हा सात तोंडं बंद केली, पण आठव्याला हात लावायला गावानं साफ नकार दिला. इंजिनियरनं खूप समजावलं, ओल येईल, भिंत खचेल. गावानं सांगितलं, येऊ दे ओल. कोपऱ्यात ओल आहे, भिंत उभी आहे.

आजही ऑल्डरविकला नवा पाद्री आला की गाव त्याला लगेच आपला मानत नाही. त्याची प्रवचनं ऐकतात, चहाला बोलावतात, पण वाट बघत राहतात. पहिला चांगला पाऊस पडला की कुणी न सांगता सगळे उत्तरेच्या बाजूला जमतात, आणि नवा पाद्री उघड्या डोक्यानं त्या धारेखाली जाऊन उभा राहतो. हल्ली आहेत त्या बाई आहेत, रेव्हरंड हिलरी. त्याही उभ्या राहिल्या, मी छत्री घेऊन समोरच होतो. गावात ज्या घरचं मूल जन्मताच गेलेलं असतं त्या घरचं माणूस तेव्हा पुढे येऊन त्यांच्या कानात एक नाव सांगतं. त्या दिवशी तिघंजण पुढे आले. चौथी माझी लेक होती. ती पुढे जाईल हे मला माहीत नव्हतं. तिचं ते बाळ जाऊन नऊ वर्षं झाली, आणि त्याला नाव ठेवलं होतं हे तिनं घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

पाणी पडत होतं, हिलरीबाईंचे ओठ हलत होते. बाहेर आल्यावर मी सगळ्यांच्या वतीनं विचारलं, तसा रिवाजच आहे, "काय म्हणत होता, बाई?"

त्यांनी केस पिळले, माझ्या लेकीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काही नाही. थंडी वाजत होती."